क्लिअर चॅनल या अमेरिकी रेडिओ कंपनीने २००६ मध्ये लहान शहरांतली रेडिओ स्टेशनं विकायला का काढली?
कारण ही स्टेशनं संख्येने भरपूर असली तरी कंपनीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा छोटा होता. मोठे जाहिरातदार आधी मोठी शहरं बघतात. लहान गावात गाड्यांचा डीलर नि फर्निचरवाला यांच्यावरच भागवायचं. १९९६च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत एका मालकाने देशभरात किती स्टेशनं ठेवावीत याची मर्यादा उठवली, त्यानंतर क्लिअर चॅनलने हजाराच्या वर गोळा केली होती (हावरटपणाच, खरं तर). नोव्हेंबर २००६ मध्ये बेन कॅपिटल आणि थॉमस एच. ली पार्टनर्स या गुंतवणूक कंपन्यांशी क्लिअर चॅनलच्या विक्रीचा करार झाला, त्याच दिवशी सगळ्यात मोठ्या १०० रेडिओ बाजारपेठांबाहेरची ४४८ स्टेशनं विकायची घोषणा झाली. मात्र सगळी खपली नाहीत. बरीच कंपनीकडेच राहिली.