आधी मानशीवर जा, मग फळ्यावर

अगं, तुझा मेसेज वाचला. सातवीची पोरं विज्ञानाच्या तासाला नुसती बघत बसतात म्हणतेस. पोरांत काही कमी नाही गं. मी पण कितीतरी वर्षं फळ्यावर चंद्र-सूर्य काढून भरती-सुकती (म्हणजे भरती-ओहोटी) शिकवली, आणि त्याच वर्गात एका रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा मुलगा होता, भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते हे त्याला तोंडपाठ, घरात रोज तेच बोलणं ना, पण पेपरात व्याख्या लिहिता आली नाही म्हणून मी त्याला नापास केलं. ते अजून मनातून जात नाही.

तर तू त्यांना आधी खाजनाच्या, म्हणजे आपल्या गोव्यातल्या खाऱ्या नदीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावर ने. तिथली मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार; त्या मानशीचा, म्हणजे तिथे मासे धरायच्या हक्काचा, लिलाव ज्याने घेतलाय त्याला विचारून जा, भरती चढायच्या आधी पोच, आणि त्यालाच बोलू दे, त्याला आपल्याहून जास्त ठाऊक असतं. बाहेर नदीचं पाणी चढलं की लाकडी दारं आपोआप मिटतात, कोणी हात लावत नाही, आणि सुकतीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणीच दार ढकलून निघून जातं, म्हणून तर शेतात खारं पाणी शिरत नाही. तिथे 'दाब' हा शब्दच काढू नको! दोन काठ्या रोव, एक आत एक बाहेर, दर 10 मिनिटांनी खूण करायला लाव, दार हललं तेव्हा दोन्हीकडचं पाणी कुठे होतं ते वहीत येऊ दे. दार मिटलेलं असताना आतून फळ्या बघायला सांग, वरच्या फटीतून नुसतं पाझरतं आणि खालच्या फटीतून चिळकांडी उडते. असं का, हे पोरंच विचारतील. मग वर्गात येऊन दाब शिकव.

पुढे कधी सहल निघाली तर गोव्यातल्याच नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीवर ने, तिथे तळातून सारखे बुडबुडे येतात. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात असं सगळे सांगतात. कोणाच्या श्रद्धेला हसायचं नाही, पण मोजायचं. एक मिनिट गप्प, एक मिनिट टाळ्या, असं 10 वेळा. गप्प बसलेल्या मिनिटांचे आकडेसुद्धा सारखे येत नाहीत हे दिसलं ना, की एकदाच मोजून का भागत नाही ते वेगळं सांगावं लागणार नाही.

बांध निसरडा असतो, सोबत एक-दोन पालक घे. अमावास्येच्या आसपासचा दिवस धर, उधाणाला फरक ठळक दिसतो. आणि काठीवरच्या खुणांचा फोटो मला पाठव.