वेबिल जुळत नाही, मॅडम

“माझ्या कोणत्या पापाची ही शिक्षा?” हा प्रश्न समुपदेशनासाठी समोरच्या खुर्चीत बसून इतक्या जणांनी मला विचारला आहे की, आता तो माणूस दारातून आत येतानाच ओळखू येतो. ख्रिस्ती कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक धार असते. देव प्रीती आहे, हे लहानपणी चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शाब्बाथ शाळेतच पाठ झालेले असते; त्यामुळे घरात अकाली मृत्यू झाला की दोनच वाटा उरल्यासारखे वाटते. एक तर देव प्रेमळ नाही, किंवा दोष आपला आहे. श्रद्धाळू माणूस बहुधा दुसरी वाट धरतो.

नगर जिल्ह्यातल्या एका गृहस्थांची हकिकत, ओळखीच्या खुणा बदलून, येथे सांगते. आयुष्यभर एसटीत कंडक्टर म्हणून काम करून ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. एकोणिसाव्या वर्षी एका प्रार्थनासभेत उभे राहून ‘मी पूर्णवेळ प्रभूची सेवा करीन’ असे वचन त्यांनी दिले होते. पुढे वडील आजारी पडले आणि नोकरी धरावी लागली. मुलाच्या अंत्यविधीनंतर मंडळीतल्या कोणीतरी सहज म्हटले, “देवाने परीक्षा घेतली.” त्या एका वाक्याने चाळीस वर्षांपूर्वीचे वचन वर आले.

“तिकिटं आणि रोकड यांच्या हिशेबाचं वेबिल जुळलं नाही, तर कमी पडलेली रक्कम कंडक्टरच्या पगारातून कापतात, मॅडम. माझं जुळलं नाही. त्यानं कापून घेतलं.”

“रात्री प्रार्थना कशी करता, काका?”

“उभ्यानं. डेपोत कॅशच्या खिडकीसमोर उभं राहायचो, तसं.”

येथे मी स्वतःची एक चूक नोंदवते. मी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय समजावून सांगू लागले. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, “पाठ आहे.” त्यांना पाठ असलेले मी त्यांनाच परत ऐकवत होते.

पुढच्या भेटीत त्यांच्या पणजीचा विषय निघाला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात, म्हणजे निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमात, आणलेल्या मुलींपैकी ती एक. तिचे सारे घर उपासमारीने गेले होते. मी एवढेच विचारले, “त्या घरातल्या कोणाचं वेबिल कमी पडलं होतं?” ते बराच वेळ गप्प राहिले. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे आणि ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हती, असे येशू स्पष्ट सांगतो. ते वचनही काकांना पाठ होते. पणजीच्या घरावरून मात्र ते प्रथमच वाचले गेले. रमाबाईंनी स्वतः आईवडील दुष्काळात, मग भाऊ, मग पती आणि अखेर १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गमावली. त्यांच्या आयुष्यावर शिक्षेचा हिशेब मांडण्याचे धैर्य कोणाला होईल?

मरण जगात आलेच का, याविषयी ख्रिस्ती विचारवंतांत एकवाक्यता नाही. ऑगस्टीनने आदामाच्या पतनावर, म्हणजे पहिल्या माणसाने देवाची आज्ञा मोडल्यावर, भर दिला. त्याच्या दोन शतके आधीच्या इरेनेयसने माणूस अपरिपक्व घडवला गेला आणि त्याला वाढायचे आहे, असे मांडले. माणसाला स्वातंत्र्य दिले म्हणून दुःख आले, हे उत्तर युद्धाला आणि अत्याचाराला लागू पडते, पण रक्ताच्या कर्करोगापाशी अडखळते. माझा स्वतःचा कल प्रेषित पौलाकडे आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो मृत्यूला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. देवाचा वसुली कारकून म्हणत नाही. पतनाची शिकवण साऱ्या मानवजातीच्या मोडलेपणाविषयी आहे. एकेका घराच्या खातेवहीत ती उतरवली की तिचा विपर्यास होतो.

हिशेब सुटला, तरी शोक सुटला नव्हता. सहाव्या की सातव्या भेटीत मी त्यांना योहानाचा अकरावा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितला. लाजर मेल्यावर त्याची बहीण मार्था येशूला म्हणते, “प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.” थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया येते आणि नेमके तेच वाक्य बोलते. तेथे काका थांबले.

“ही तर तक्रार आहे.”

“हो.”

“दोघींनी केली. आणि तो रागावला नाही?”

“पुढे वाचा.”

“येशू रडला,” एवढे वाचून त्यांनी चष्मा काढला. मुलगा गेल्यापासून ते रडले नव्हते.

त्या दुपारी माझ्याही एक गोष्ट ध्यानात आली, जी मला कोणत्याही वर्गात शिकवली गेली नव्हती. वाक्य एकच, पण मार्थेला येशूने पुनरुत्थानाची शिकवण दिली आणि मरीयेबरोबर तो रडला. समोरची व्यक्ती कोणत्या बहिणीच्या जागी उभी आहे, हे न पाहताच मी पहिल्या भेटीत मार्थेचे उत्तर मरीयेला देऊन बसले होते. तेव्हापासून ‘का?’ हा शब्द ऐकला की मी उत्तर देण्याआधी थांबते.

शोकग्रस्त घरी जाणाऱ्यांना माझे सांगणे असे की, ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे वचन बायबलमधल्या ईयोबाने, मुले आणि मालमत्ता गमावल्यावर, स्वतःविषयी उच्चारले होते, मित्रांनी ते त्याला ऐकवले नव्हते. ते मित्र सात दिवस आणि सात रात्री मुकाट्याने त्याच्याजवळ बसले तोवर त्यांचे ठीक चालले होते. तोंड उघडले आणि ते चुकत गेले. ‘देवाला फूल आवडले, त्याने खुडले’ हे तर आईबापांना कधीच सांगू नये. काही म्हणायचेच असेल, तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. ज्यांच्या मनात खरोखरच एखादी चूक सलत असेल, त्यांनी तिच्याबद्दल जरूर क्षमा मागावी, मात्र ती मृत्यूशी जोडू नये. काकांनी मोडलेल्या वचनाबद्दल पाळकसाहेबांसमवेत वेगळी प्रार्थना केली; मुलाचे नाव त्या प्रार्थनेत आले नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतले.

गेल्या नाताळात त्यांचा फोन आला.

“अजून विचारतो त्याला, मॅडम. रोज विचारतो.”

“काय म्हणतो?”

“काही नाही. पण आता मी बसून विचारतो.”