12 हजारांच्या गिटारमध्ये 15 हजारांचे पार्ट टाकावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की सहा वर्षांपूर्वी 12 हजाराला घेतलेली स्क्वायर बुलेट स्ट्रॅट (फेंडर कंपनीच्या स्क्वायर ब्रँडची स्वस्त इलेक्ट्रिक गिटार) आहे, सूर टिकत नाही, आवाज पातळ वाटतो, तर पिकअप (तारांची थरथर पकडणारे चुंबक), ट्युनर (तारा पिळायच्या खुंट्या), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) असे 15 हजारांचे पार्ट टाकून तीच नीट करावी की विकून 35-40 हजारांची नवीन घ्यावी.

माझं मत विचाराल तर आत्ता दोन्ही नको. आधी नवीन तारा टाकून एखाद्या जाणत्या माणसाकडून नीट सेटअप (तारांची उंची, गिटारच्या मानेचा म्हणजे नेकचा बाक वगैरे जुळवणं) करून घ्या, महिनाभर वाजवा आणि मग ठरवा. मी फार शहाणा आहे म्हणून सांगत नाहीये, मी बरोब्बर उलट्या क्रमाने पैसे घालवलेत म्हणून सांगतोय.

माझ्याकडे कॉलेजात असताना घेतलेली एक सेकंडहँड स्ट्रॅट कॉपी होती, 6 हजारांची. डोक्यात एकच किडा, की चांगले पिकअप टाकले की झालं. अल्निको चुंबकाच्या पिकअपचा 9 हजारांचा सेट मागवला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि वायर आणली आणि अख्खा रविवार पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती पुढची प्लॅस्टिकची पट्टी) उलटं करून बसलो, आईची ओरड चालू की घरभर कसला वास सुटलाय. आवाज सुधारला, खोटं कशाला बोलू, पण 'G' सुराच्या तिसऱ्या तारेला बेंड मारला (तार आडवी ओढून सूर चढवला) की ती बेसूर व्हायची ती व्हायचीच. मग म्हटलं ट्युनर खराब असणार, 4 हजार आणखी घातले. नव्या ट्युनरची स्क्रूची भोकं जुन्या भोकांना जुळेनात, म्हणून जुन्या भोकांत काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकल्या, रात्रभर वाळवल्या, सकाळी नवीन भोकं पाडली. 'G' तार तशीच.

शेवटी एक मित्र आला, त्याने गिटार मांडीवर घेतली आणि ट्युनर अगदी सावकाश फिरवला. नटापाशी (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, तिच्यावरून तारा जातात) बारीक 'टिंग' ऐकू आलं. तार नटाच्या खाचेत अडकत होती, ताण साठायचा आणि मग एकदम सुटायचा, बाकी काही नाही. त्याने टेबलावरची पेन्सिल घेतली, तार सैल करून बाजूला केली, खाचेत शिसं घासलं, तार परत बसवली. सूर टिकला! म्हणजे 13 हजार रुपये एकीकडे आणि नटराजची पेन्सिल एकीकडे.

तुम्हीही पहिल्यांदा हेच करून बघा, फुकट आहे. ट्यून करताना टिंग-टिंग येत असेल तर दोष ट्युनरचा नाही, नटाचा आहे. पेन्सिलीने तात्पुरतं भागतं, कायमचं हवं असेल तर खाचा नीट घासून घ्यायच्या किंवा हाडाचा नट बसवून घ्यायचा, आणि माझ्या मते स्वस्त गिटारवर पैसे वसूल होणारं हे पहिलं काम.

आपल्याकडे तानपुरा नीट बोलेनासा झाला तर कोणी लगेच नवीन घ्यायला निघत नाही, मिरजेला किंवा ओळखीच्या कारागिराकडे नेऊन जवारी काढून (घोडी घासून नाद नीट करून) आणतात. गिटारच्या बाबतीत मात्र आपण यूट्यूब बघतो आणि थेट कार्टमध्ये पिकअप टाकतो. सेटअप म्हणजे काही फार मोठं नसतं. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा, साधारण पाव मिलिमीटर हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची 1.6 मिमीच्या आसपास. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तिथे तारेला नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर इलेक्ट्रॉनिक ट्युनरवर (खुंटी नव्हे, सूर दाखवणारं यंत्र) ताडून बघा, दाबलेला चढा लागत असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा तुकडा) मागे न्यायचं. आणि पिकअप तारांच्या फार जवळ आणून ठेवलेले असतील तर खाली करा, लोहचुंबक जाड्या तारांना ओढतो आणि सूर लहरतो, बरेच लोक त्यालाच 'गिटार खराब आहे' म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं आणि नेक हलतो, त्यामुळे वर्षातून एकदोनदा हे बघावं लागतंच, 12 हजारांची असो की लाखाची.

आता खरा प्रश्न, सेटअपनंतर पैसे घालावेत का. हे ठरवायचं नेकवरून. हेडस्टॉककडून (ट्युनर असतात त्या टोकाकडून) डोळा लावून बघा, नेक पिळलाय का, फ्रेटमध्ये तारांनी खड्डे पाडलेत का, ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवायची आतली सळई) अजून फिरतोय का. नेक सरळ असेल आणि तुमचा हात त्यावर बसलेला असेल तर अपग्रेड करायला माझी काही हरकत नाही, कारण बाकी सगळं स्क्रूने बसवलेलं असतं. नेक गेला असेल तर एक रुपया घालू नका, सगळे फ्रेट बदलायचा खर्च अशा गिटारला झेपत नाही.

बुलेटबद्दल एक सावध करतो. तिची बॉडी नेहमीच्या स्ट्रॅटपेक्षा पातळ असते, त्यामुळे पूर्ण उंचीचा ट्रेमोलो ब्लॉक (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) मागून बाहेर येतो, आणि ब्रिजच्या स्क्रूंचं अंतरही अमेरिकन व्हिंटेज मापाला जुळत नाही. म्हणजे ब्रिज मागवून तो परत पाठवायची वेळ येते. मोठ्या आकाराचे पॉट (आवाज आणि टोनच्या नॉबखालचे पार्ट) बसवायला पिकगार्डची भोकंही वाढवावी लागतात. म्हणून तुमच्या यादीतून ब्रिज तर मी आजच काटला असता, ट्युनर नटाचं काम झाल्यावर गरज उरली तरच.

पिकअपचं म्हणाल तर आधी सांगा की ॲम्प कुठला आहे. दहा वॉटच्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पवर 9 हजारांच्या पिकअपचा फरक तुम्हाला ऐकू येईल पण शेजारच्या खोलीतल्या माणसाला येणार नाही. आवाज पातळ वाटतो यात मला गिटारपेक्षा ॲम्पचाच संशय जास्त आहे. मित्राच्या किंवा दुकानातल्या बऱ्या ॲम्पवर स्वतःची गिटार लावून बघा, तिथेही पातळ वाटली तर मग पिकअप. घूं आवाज येत असेल तर घरातलं अर्थिंग बघा, जुन्या घरात टू-पिनचे सॉकेट असतात, आणि तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर गिटार बाजूला ठेवून आधी वायरमन बोलवा, यात मस्करी नाही.

पैशाचं गणित मात्र साफ आहे, घातलेले पैसे परत येत नाहीत. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमोरने 1970 मध्ये न्यूयॉर्कला घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटचे नेक बदलले, पिकअप बदलले, बॉडीत भोकंसुद्धा पाडली, आणि 2019 च्या लिलावात ती 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. पण तो गिलमोर. आपण जाहिरातीत 'अपग्रेडेड पिकअप' लिहिलं की समोरून मेसेज येतो, 'दादा 5 मध्ये देता का'. म्हणून जुने पार्ट फेकू नका, विकताना तेच परत बसवायचे आणि चांगले पार्ट काढून पुढच्या गिटारला लावायचे, माझे ते 9 हजारांचे पिकअप आता तिसऱ्या गिटारमध्ये आहेत.

आणि ट्रस रॉडला स्वतः हात लावणार असाल तर तारा थोड्या सैल करून एका वेळी पाव फेराच फिरवा, परत ट्यून करा, फट मोजा. जोर लावावा लागतोय असं वाटलं की तिथेच थांबा आणि कारागिराकडे न्या.