पहिल्यांदाच ऑनलाइन परिषदेला बसताय ना?

ताई, दूरशिक्षणावरच्या परिषदेत सगळीच सत्रं ऐकायचा हट्ट धरू नका. नवे शिक्षक हमखास तिथेच थकतात. दिवसाला दोन पुरेत.

वेळ मात्र नीट तपासा. लंडनचे दुपारचे २ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. माझं एक सत्र असंच हुकलं, अजून हळहळ वाटते.

- माइक बंद, चार्जर हाताशी.
- चॅटमध्ये बिनधास्त विचारा. ‘घरात एकच फोन, तीन भावंडं, व्हिडिओ बघायचा कुणी?’ हा तुमच्या वर्गातला प्रश्न तज्ज्ञांनी ऐकायलाच हवा.

ॲपच्या याद्या उतरवत बसू नका. एकच गोष्ट उचला आणि सोमवारी वर्गात करून बघा.