इंग्लंडच्या ग्रामीण भागातला ऋतुबदल अनुभवण्यासाठी एकच फेरी शक्य असेल, तर कोणते दिवस निवडावेत?

एकच फेरी शक्य असेल, तर एप्रिलचा शेवटचा आणि मेचा पहिला आठवडा निवडावा. याचे कारण असे, की बीच आणि ओक वृक्षांची पालवी दाट होऊन रानातल्या जमिनीवर सावली पडण्यापूर्वी जो प्रकाश मिळतो, तेवढ्यात ब्लूबेल ही कंदवर्गीय वनस्पती आपला फुलोरा उरकून घेते. त्यामुळे वर कोवळी पोपटी पाने आणि खाली निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा हे दृश्य जेमतेम दोन-तीन आठवडे टिकते. लंडनहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे त्याचे ठिकाण म्हणजे हर्टफर्डशायरमधील ॲशरिजचे रान. याच सुमारास कुरणांत कोकरे बागडताना दिसतात, हॉथॉर्न या काटेरी झुडपाची कुंपणे पांढऱ्या फुलांनी भरू लागतात आणि सूर्य आठनंतर मावळत असल्याने शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर निवांत चालता येते. ऑगस्टमध्ये नॉर्थ यॉर्क मूर्स या उत्तरेकडील माळरानांवर जांभळे फुलणारे हेदरचे झुडूप किंवा ऑक्टोबरअखेरीस चिल्टर्न टेकड्यांवरील बीचची तांबूस पाने हीदेखील देखणीच असतात, परंतु ऋतू प्रत्यक्ष कूस बदलताना पाहायचा असेल, तर माझी पसंती वसंतालाच. मात्र थंडी लांबलेल्या वर्षी हा बहर आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक पुढे सरकतो आणि उत्तरेकडे तो मुळातच उशिरा येतो, म्हणून तारखांमध्ये थोडी सवड ठेवावी. छायाचित्रासाठी वाट सोडून फुलांत शिरू नये. तुडवलेल्या ब्लूबेलना सावरायला अनेक वर्षे लागतात.