दार उघडल्यावर गाडीतला दिवा लागत नाही, हाताने ऑन केला की लागतो. वायरिंग बदलावं लागेल का?

नाही, वायरिंग बदलू नका. निदान अर्धा तास स्वतः बघितल्याशिवाय तरी त्या कामाला हो म्हणू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१२ ची छोटी हॅचबॅक आहे. दार उघडलं की छताचा दिवा लागत नाही, स्विच ऑनवर सरकवला की लगेच लागतो. बल्ब नवा टाकूनही फरक पडला नाही, आणि इथल्या नाशिकच्याच एका गॅरेजमध्ये ‘छत उतरवून वायरिंग नवं टाकू, चार हजार होतील’ असं सांगितलं. तुमच्या या माहितीतच निम्मं उत्तर आहे. ऑनवर दिवा लागतो, म्हणजे फ्यूज शाबूत आहे, छतापर्यंत करंट येतोय आणि बल्बही चांगला आहे. बल्ब बदलायची गरजच नव्हती.

मी सातपूरला एका कारखान्यात बावीस वर्षं मेंटेनन्सला होतो. गाड्यांचा मेकॅनिक नाही, पण घरातल्या गाडीची विजेची कामं मीच करतो. तुमच्यासारखाच फॉल्ट आमच्या गाडीत येऊन गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा दिवा चालतो कसा ते बघा. घरात आपण बटण दाबतो तेव्हा फेज तुटतो किंवा जोडला जातो. या वयाच्या बहुतेक गाड्यांत छताच्या दिव्याचं उलटं असतं. बॅटरीचा प्लस दिव्यापर्यंत चोवीस तास हजर असतो, जोडायची-तोडायची असते ती अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी बाजू. स्विच ऑनवर नेला की दिव्याला अर्थ तिथल्या तिथे मिळते. स्विच मधल्या खुणेवर, म्हणजे ‘डोअर’वर ठेवला की अर्थ एका लांब वायरीने खाली दाराच्या चौकटीपर्यंत जाते. तिथे स्प्रिंगचं एक छोटं बटण असतं. दार बंद असताना ते आत दाबलेलं राहतं आणि अर्थ तुटलेली असते. दार उघडलं की बटण बाहेर येतं, वायर गाडीच्या पत्र्याला जोडली जाते आणि दिवा लागतो.

म्हणजे तुमच्या गाडीत संशय घ्यायला तीनच जागा उरतात: दिव्यातल्या सरकत्या पट्टीचा ‘डोअर’चा संपर्क, ती एक वायर आणि दारांची बटणं. माझा पहिला संशय बटणांवर आहे.

आता एक करा. स्विच मधल्या खुणेवर ठेवा आणि चारही दारं एकेक करून उघडा. आधीचं दार नीट लावून मगच पुढचं उघडायचं. एखाद्या दाराने जरी दिवा लागला, तरी वायर आणि सरकती पट्टी दोन्ही संशयातून सुटल्या, दोष बाकीच्या बटणांचा. बहुतेक लोक फक्त ड्रायव्हरचं दार उघडून बघतात, आणि सगळ्यांत जास्त वापरलं गेलेलं, सगळ्यांत जास्त पाणी-चिखल खाल्लेलं बटण नेमकं तेच असतं. काही साध्या मॉडेलना मागच्या दारांना बटणच नसतं, त्या भोकात नुसती रबरी टोपी बसवलेली असते. ती बघून गोंधळू नका.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. सासुरवाडी घोटीजवळ, त्यामुळे पावसाळ्यात दर आठवड्याला मुंबई-आग्रा महामार्गाने एक फेरी ठरलेली. इगतपुरी-घोटीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, दार उघडून उतरेपर्यंत चौकट निथळायला लागते. एका ऑगस्टमध्ये रात्री आईला नाशिक रोड स्टेशनवरून आणायला गेलो. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघा धरलेला. दार उघडलं, आत काळोख. तिने पाय कुठे ठेवायचा म्हणून हाताने सीट चाचपली, काठी खाली पडली. मी मोबाइलचा उजेड धरेपर्यंत ती भिजत उभी होती. दिवा काय, आज ना उद्या करू, असं मी महिनाभर म्हणत होतो. त्या रात्रीनंतर सकाळी पहिलं काम तेच केलं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत, कुलपाच्या कडीच्या जरा खाली, रबरी टोपीचं बटण होतं. एकच स्टार स्क्रू. तो गच्च बसलेला होता, थोडं गंज सोडवायचं तेल मारून दहा मिनिटं थांबलो. स्क्रू निघाल्यावर बटण हलकेच बाहेर ओढलं. मागे एकच वायर. इथे एक काळजी घ्या, नाहीतर पाच मिनिटांच्या कामाला दोन तास लागतील: वायर बटणापासून काढण्याआधी तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. मोकळी वायर चौकटीच्या आत निसटली की तारेचा आकडा करून ती शोधत बसावं लागतं.

बटण हातात घेतलं तर दोष डोळ्यांना दिसत होता. पितळी पट्टीवर हिरवट-पांढरा थर, मीठ साचल्यासारखा. ज्या पत्र्याला स्क्रू चिकटतो तिथे तपकिरी गंजाची गोल खूण. या बटणाला अर्थची वेगळी वायर नसते, तो स्क्रू आणि पत्रा हीच त्याची अर्थ. मध्ये गंज आला की बटण कितीही बाहेर येऊ दे, दिव्याला अर्थ मिळत नाही.

खात्री करायला मी ती सुटी वायर चौकटीच्या उघड्या, खरवडलेल्या पत्र्याला टेकवली. वर दिवा लागला! म्हणजे वायर चांगली, दोष बटणाचाच. ही तपासणी फक्त एकच वायर असलेल्या बटणावर करा. तिथे मध्ये बल्ब असतो, त्यामुळे काही जळत नाही. दोन-तीन वायरी असलेल्या स्विचवर अंदाजाने काहीही पत्र्याला लावू नका.

पुढचं काम सोपं. बारीक पॉलिश पेपरने पट्टी चमकेपर्यंत घासली, स्क्रूच्या भोकाभोवतीचा पत्रा लखलखीत केला, स्क्रूही घासला. बसवताना स्क्रूवर आणि उघड्या पत्र्यावर बोटभर व्हॅसलीन, म्हणजे पुन्हा ओल धरत नाही. रबर फाटलं होतं म्हणून पुढे महिन्याभरात बटणच नवं टाकलं. वडाळा नाका, द्वारका या भागातल्या स्पेअरच्या दुकानांत जुनं बटण दाखवलं की तसंच काढून देतात, शे-दोनशेच्या आत काम होतं. जुनं सोबत न्याच, कारण दांड्याची लांबी वेगवेगळी असते. दांडा आखूड असला तर दार बंद करूनही बटण पुरतं दाबलं जात नाही आणि दिवा रात्रभर चालू राहतो.

या उलट्या फॉल्टकडे दुर्लक्ष करू नका. १० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण पाऊण ते एक अँपिअर घेतो. रात्रीचे दहा तास धरले तर आठेक अँपिअर-तास गेले. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. नवी असेल तर एक रात्र निभावेल, तीन-चार वर्षं जुनी असेल तर सकाळी स्टार्टर नुसता कुरकुरेल. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली तर धक्का मारायचीच तयारी ठेवा. दार बंद असताना दिवा विझतो का, हे काचेतून डोकावून बघायची सवय असावी.

कोणत्याच दाराने दिवा लागला नाही आणि वायर पत्र्याला टेकवूनही लागला नाही, तर मग छताचा दिवा उघडा. त्याआधी फ्यूज काढून ठेवा. स्विच ऑफ असला तरी आतल्या एका क्लिपला करंट असतो, लोखंडी पेचकस त्या क्लिपला आणि छताच्या पत्र्याला एकदम लागला की फ्यूज उडतो. पारदर्शक झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचला. सरकत्या पट्टीखालचे संपर्क काळे पडलेले असतात, ते घासा. मग फ्यूज परत लावून पाहा. बल्ब ज्या दोन क्लिपांत बसतो त्या उष्णतेने सैल झाल्या असतील तर किंचित आत वळवा.

ज्यांचा दिवा ऑनवरही लागत नाही त्यांनी सुरुवात फ्यूजपासून करावी. बऱ्याच गाड्यांत याच फ्यूजवर स्टिरिओची मेमरी किंवा घड्याळही असतं, त्यामुळे स्टिरिओचं घड्याळ दर वेळी शून्यावर येत असेल तर बल्बला हात लावण्याआधी फ्यूज बघा. जेवढ्या अँपिअरचा असेल तेवढ्याचाच घाला. आणि घरातला निऑन टेस्टर इथे चालत नाही, १२ व्होल्टला तो पेटतच नाही. बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी, एवढा टेस्ट लॅम्प पुरतो.

बल्ब घेताना दोन्ही टोकांना टोप्या असलेल्या जुन्या बल्बची लांबी मोजून न्या. ३१, ३६, ३९, ४१ मिलिमीटर असे प्रकार येतात. जास्त उजेडासाठी ५ वॉटच्या जागी १० वॉटचा घालू नका, झाकण पिवळं पडून वितळतं. उजेडच हवा असेल तर एलईडी घ्या. नाही लागला तर उलटा करून बसवा, काहींना प्लस-मायनसची दिशा लागते.

नव्या गाड्यांना यातलं बरंच लागू नाही. तिथे स्विच दाराच्या कुलपातच असतो आणि त्याचा संदेश आधी गाडीच्या कंट्रोल युनिटकडे जातो. मीटरवर दार उघडं असल्याची खूण येते का, तेवढंच घरी बघता येतं. खांबाच्या आत पिवळी कनेक्टरं दिसली तर ती एअरबॅगची असतात, त्यांना हात लावू नका.

एवढं करूनही नाही जमलं तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण नुसतं ‘दिवा लागत नाही’ असं सांगू नका. म्हणा: ‘ऑनवर लागतो. मागच्या डाव्या दाराने लागतो. पुढच्या दोन्ही दारांनी लागत नाही. बटणं घासून झालीत.’ तुमच्या गाडीत जे दिसेल ते याच क्रमाने सांगा, मग छत उतरवायची गोष्ट सहसा कुणी काढणार नाही.