डिकिन्सनला व्हिलन करू नकोस

प्रश्न (खानापूरहून): सर, आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधी '१७७६' ह्या अमेरिकन म्युझिकलमधले दोन सीन आम्ही मराठीत करायलोय. मला जॉन डिकिन्सनचा रोल मिळालाय. तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या ठरावाला आडवा येतो म्हणून तालमीत सगळे मला इंग्रजांचा चमचा म्हणायलेत, आणि डायरेक्टर म्हणतो व्हिलनसारखं कर, आवाज चढव. तो खरंच राजाचा माणूस होता काय?

उत्तर: नव्हता रे. हे म्युझिकल १९६९ला ब्रॉडवेवर आलं, मला फार आवडतं, पण त्यात डिकिन्सन आणि त्याच्या बाजूचे श्रीमंत लोक संथ मिन्युएट नाचत गाणं म्हणतात, आम्ही कायम उजव्या बाजूचे असं मिरवतात, आता राजकारणातलं डावं-उजवं आलंच मुळी १७८९च्या फ्रेंच क्रांतीतनं, मग १७७६ला हे लोक ते कुठनं म्हणणार? पण तेवढ्या एका गाण्यानं बघणाऱ्याच्या डोक्यात बसतं की ह्या माणसाला फक्त स्वतःच्या इस्टेटीची काळजी.

खरा डिकिन्सन म्हणजे १७६७-६८ला ब्रिटिशांच्या करांविरुद्ध पेन्सिल्व्हेनियाचा शेतकरी ह्या नावानं पत्रं लिहून वसाहती जाग्या करणारा वकील. १७७५ला राजाकडं समेटाचा अर्ज गेला, त्याचा मसुदाबी मुख्यतः त्याचाच, आणि राजानं तो घेतलासुद्धा नाही. तरी त्याचं म्हणणं, घाई नको, आधी आपली एकी आणि बाहेरच्या देशाची मदत पक्की होऊ दे. म्हणजे आपल्या भाषेत मवाळ. टिळकांनी १९१६ला होमरूल लीग आपल्या बेळगावातच काढली, ते जहाल म्हणून आपण गोखल्यांना इंग्रजांचा चमचा म्हणतो काय? मग ह्याला का म्हणायचं?

राजनिष्ठ माणूस बघायचा असंल तर बेंजामिन फ्रँकलिनचा पोरगा विल्यम बघ. न्यू जर्सीचा गव्हर्नर, १७७६ला अटक झाली तरी राजाला सोडलं नाही, शेवटी इंग्लंडला गेला, बापलेकाचं परत कधी नीट जमलं नाही. नाटकात त्याचा नुसता उल्लेख येतो, मला तर वाटतं त्यालाच स्टेजवर आणायला पाहिजे होतं.

आणि मतदानाच्या सीनला डिकिन्सन समोर बसलेला दाखवलाय, खरं तर २ जुलैला तो आणि पेन्सिल्व्हेनियाचाच दुसरा प्रतिनिधी रॉबर्ट मॉरिस मतदानापासून बाजूला राहिले म्हणून पेन्सिल्व्हेनियाचं मत ठरावाकडं गेलं.

आता तुझी एक्झिट. मी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणार नाही पण लढायला जाणार, असं तो सांगतो, आणि स्वातंत्र्यासाठी भांडणाऱ्या ज्या जॉन ॲडम्सबरोबर त्याची काठीनं मारामारी झालेली असते तोच ॲडम्स त्याला सगळ्यांसमोर मान देतो. तिथं आवाज अजिबात चढवू नकोस, वाक्य झालं की दाराकडं चालायला लाग, ॲडम्स बोलला की एकदा थांब, मागं बघ, आणि जा. खरा डिकिन्सनबी त्याच महिन्यात फिलाडेल्फियाची बटालियन घेऊन न्यू जर्सीला गेला होता, डायरेक्टरला तेवढं वाचून दाखव.